माणिकरावांना श्रद्धांजली

माणिकराव जिंतूरच्या आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. तब्येत ठणठणीत, मिशीला कलप, पायात चकचकीत बूट. मुलगा हरिओम कवी. त्याची 'बाप' ही कविता गावोगाव गाजलेली, पण माणिकरावांनी ती कधी ऐकली नव्हती. ताडकळसला आईबापांवरच्या कवितांची स्पर्धा होती. हरिओम नको नको म्हणत असताना हे मोटारसायकलवर त्याच्या मागं बसलेच.

हरिओमनं डोळे मिटून कविता सुरू केली. कवितेतला बाप अनवाणी, टाचा भेगाळलेल्या. आणि शेवटच्या कडव्यात तो बांधावरच मेला. मंडपात बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. माणिकरावांनी हळूच पाय खुर्चीखाली घेतले.

नंतर धम्मशीला नावाच्या तरुण शिक्षिकेची कविता. तिची आई स्कूटी शिकते, दोनदा उकिरड्यात जाते आणि लेकीवरच खेकसते. माणिकराव खदखदून हसले. शेजारच्यानं डोळे वटारले.

परीक्षक आबासाहेबांनी दोन्ही कवितांची तुलना केली. "एकीत बाप जातो. दुसरीतली आई मात्र शेवटपर्यंत धडधाकट राहते, त्यामुळं वेदनेला वावच मिळत नाही." पहिला नंबर हरिओमचा. "आता कवीच्या दिवंगत वडिलांसाठी दोन मिनिटं उभं राहू या."

सगळा मंडप उठला. एकट्यानं बसणं बरं दिसेना, म्हणून माणिकरावही मान खाली घालून उभे राहिले. स्टेजवर हरिओमला घाम फुटला होता.

कार्यक्रम संपल्यावर ते धम्मशीलाकडं गेले. "पोरी, तुजी कविता लय आवडली बघ."

"थँक्यू काका. तुमी कुठले?"

"मी हरिओमचा बाप. आत्ताच वारलेला."

तिनं तोंडावर ओढणी दाबली.

वाटेत माणिकरावांनी विचारलं, "मी शेती कवा केली रे?"

"बाबा, कंडक्टरवर कोन रडंल? अन् जित्त्या बापाला टाळ्या पडत न्हाईत."

पोरानं आपल्यावर एवढं लिहिलं आणि त्यात आपण कुठंच नाही, हे माणिकरावांना चांगलंच लागलं.

रात्री जेवताना हरिओमनं आईला, नर्मदाबाईंना सांगितलं, सेलूचं बोलावणं आलंय, विषय 'आई'.

भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "मग मला कशानं मारायलायस?"

आईला हरिओमनं कवितेत आधीच चुलीच्या धुरात संपवलं होतं आणि घरात तर गॅस.

सेलूला त्यानं नवीनच कविता वाचली: टीव्हीची मालिका लागली की आई कुणालाच ओळखत नाही. उत्तेजनार्थसुद्धा नंबर आला नाही. मंडप ढिम्म. मागच्या रांगेत फक्त दोघं हसत होते, त्यातल्या नर्मदाबाई जास्त.