इतवारीतला ओटा आणि बेचाळीसची मंडळी

वार्ताहर निवृत्त झाला की लोक विचारतात, आयुष्यभर काय काय छापलंत? जे छापलं ते रद्दीत गेलं. लक्षात राहिलं ते संपादकानं लाल पेन्सिलीनं कापलेलं. कापून समासात लिहायचा, 'जागेअभावी'. स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत जागेची ही टंचाई पंधरा ऑगस्ट सोडून वर्षभर असायची. त्यामुळे माझ्याकडे न छापलेला साठा भरपूर आहे, आणि त्यातला निम्मा इतवारीतला.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या इतवारी बाजारात नानाजींचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. संध्याकाळी दुकानाच्या फळीवर तिघं बसायची. स्वतः नानाजी, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आणि मागच्या गल्लीत हातमागावर लुगडी विणणाऱ्या यशोदाबाई. तिघंही इंग्रजांच्या जेलात राहून आलेली.

समोर चौकात एक दगडी ओटा होता. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये त्या ओट्यावर झेंडा लावताना यशोदाबाईंचे यजमान पोलिसांच्या गोळीनं गेले. बाईंना तिथूनच धरून नेलं. सुटून आल्यापासून दर ऑगस्टला त्या दिवशी बाई ओटा धुवायच्या, रांगोळी घालायच्या आणि झेंडा लावायच्या. ना हार, ना भाषण. मीही सवयीनं तिथे जाऊन उभा राहायचो.

* * *

सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांचा सन्मान करायचं ठरवलं तेव्हा चौकशीला मुंबईहून एक तरुण अधिकारी आला. नानाजींना म्हणाला, "तुम्ही मिठाच्या सत्याग्रहात होतात का?"

"साहेब, नागपूरले समुद्र कुठून आणाचा? आमच्याकडं जंगलाचा कायदा मोडाचं ठरलं होतं. आम्ही सरकारी जंगलात घुसून गवत कापलं."

अधिकाऱ्याची लेखणी थांबली. "गवत? इंग्रजांविरुद्ध गवत कापलं?"

"जंगल त्यायचं, गवत त्यायचं, अन् गाय आमची उपाशी. मंग कोणाविरुद्ध कापाचं?"

गुरुजी फळीवरूनच म्हणाले, "लिहून घ्या साहेब. मीठ उचललं तर लढा आणि गवत उचललं तर वैरण, असा सरकारचा नियम दिसतो."

साहेब चहा न घेताच गेले.

* * *

एका पंधरा ऑगस्टला मंत्रिमहोदयांचं भाषण होतं. या तिघांना शाली घालून पहिल्या रांगेत बसवलेलं. मंत्री थोर नेत्यांच्या तुरुंगवासावर बोलत होते. "आमच्या नेत्यांनी कारावासाचं सोनं केलं. कोणी ग्रंथ लिहिले, कोणी भाष्यं लिहिली. आज इथे बसलेल्या आपल्या ज्येष्ठ सैनिकांनी तिथे काय लिहिलं, हेही तरुणांना कळलं पाहिजे."

गुरुजी उठले. माईक लागायचा नाही त्यांना, चाळीस पोरांच्या वर्गाचा आवाज होता.

"जेलात नेत्यांचा वर्ग वेगळा होता, त्यांना टेबल मिळालं. आमचा वर्ग खालचा, आम्हाला जातं मिळालं. आम्ही ज्वारी दळली. नेते लिहीत होते तेव्हा त्यांच्या ताटातली भाकरी आमची होती, एवढं पुढच्या भाषणात घाला."

मी हे जसंच्या तसं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'ज्येष्ठ सैनिकांनी भावना व्यक्त केल्या.'

* * *

मग एका खात्याला चौकातला रस्ता रुंद करायची लहर आली. व्यापाऱ्यांचे ट्रक वळायला अडचण होत होती, म्हणून ओटा काढायचं ठरलं. इंजिनिअर फीत घेऊन आला. त्याचा सूर मात्र गोड होता.

"बाई, ओटा जातोय असं समजू नका. पलीकडच्या बागेत तुम्हाला संगमरवरी बांधून देऊ. याच्यापेक्षा देखणा."

यशोदाबाईंनी विचारलं, "आमचे मालक बागेत पडले होते काय गा?"

इंजिनिअरनं फीत गुंडाळली. हुकूम मात्र गुंडाळला नाही. मी रागारागानं दोन रकाने मजकूर लिहिला. तो जागेअभावी गेला आणि त्या जागेवर साबणाची जाहिरात आली.

* * *

फळीवर बैठक बसली. ओटा पाडायच्या दिवशी तिघांनी ओट्यावर बसून राहायचं ठरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी नानाजी आणि गुरुजी धुतलेले कपडे घालून पोलीस ठाण्यात गेले आणि कुठे, कधी, कोणता हुकूम मोडणार, हे इन्स्पेक्टरला सांगून आले!

मी कपाळावर हात मारला. "गुरुजी, सांगायची काय गरज होती?"

"सत्याग्रहाची रीत आहे ती. न सांगता कायदा मोडतो तो चोर. इंग्रजालासुद्धा आम्ही कळवूनच जात होतो."

"इंग्रज गेला, गुरुजी."

"मग रीतही त्याच्याबरोबर गेली का?"

व्हायचं तेच झालं. ठरलेल्या सकाळी जीप आली आणि दोघांना अदबीनं ठाण्यात घेऊन गेली. खुर्च्या दिल्या, पोहे मागवले. नानाजींनी विचारलं, "आम्हाले अटक केली काय?"

"छे छे," इन्स्पेक्टर म्हणाला, "तुम्ही आमचे पाहुणे."

नानाजींनी पोह्यांची बशी सरकवली. "आमचा एवढा अपमान गोऱ्यानंही केला नव्हता. तो अटक तरी कराचा."

* * *

ओटा आजही जागेवर आहे. ट्रकवाले त्याला वळसा घालतात आणि शिव्या देतात. पाडायचा हुकूम त्या सकाळनंतर पुन्हा कोणी बाहेर काढला नाही. त्या सकाळी मी चौकात होतो, म्हणून सांगतो.

यशोदाबाई ठाण्यात सांगायला गेल्या नव्हत्या. एकट्या म्हातारीसाठी जीप कशाला, असं पोलिसांना वाटलं असावं. पाहुण्यांना पोहे देऊन इन्स्पेक्टर चौकात पोचला, तेव्हा बाई ओट्याच्या मधोमध बसल्या होत्या. शेजारी मोठं गाठोडं. कुदळी घेतलेले मजूर एका बाजूला उभे, इंजिनिअर दुसऱ्या बाजूला, आणि भोवती अर्धी इतवारी.

इन्स्पेक्टरनं टोपी काखेत घेतली. "आजी, गाठोड्यात काय आहे?"

"लोटा, लुगडं, अन् दोन घोंगड्या."

"कशाला?"

"जेलात नेशीन ना मले? बेचाळीसात मी काहीच घेऊन गेली नव्हती. थंडीनं लय हाल झाले."

इन्स्पेक्टर हसला. जवळ जाऊन समजुतीनं म्हणाला, "आजी, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आता आपलं राज्य आहे."

बाईंनी गाठोडं मांडीवर ओढलं.

"म्हणून तं दोन आणल्या."