न रंगवलेली पाटी

दातांच्या दवाखान्याची पाटी वाचली आणि पेंटरकाकांच्या पायांखालची जमीनच सरकली. ‘तपासणीची वेळ’मधला तो पोट सुटलेला ळ, ‘रविवारी बंद’मधला लंगडत निघालेला र, आणि शिरोरेघ तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधेच झोल खाल्लेली. अक्षरं त्यांचीच होती. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यावर आपला हात कुणाला ओळखू येत नाही? पण ही पाटी त्यांनी रंगवलीच नव्हती.

की रंगवली होती?

काकांचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या घराचा रस्ता विसरले होते. हात कापायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी काकांनी ब्रश खाली ठेवला. ठेवला होता ना खरंच?

परतताना मान वर करायची छाती होईना. तरी दिसायचं ते दिसलंच. केशकर्तनालयावर, बेकरीच्या पिशवीवर, आणि कहर म्हणजे चौकातल्या फलकावर कुणा आजोबांच्या निधनाची बातमी त्याच खट्याळ अक्षरांत! ‘दुःखद’मधल्या ख ला तर कुणी गुदगुल्या केल्यासारखं वाटत होतं.

घरी पोचल्यावर चपला न काढताच ते मुलीला म्हणाले, “मला डॉक्टरकडे ने. मी गावभर पाट्या रंगवत सुटलोय आणि मला काही आठवत नाही.”

मुलगी छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. तिला आधी हसू फुटलं, पण बापाचा पांढराफटक चेहरा बघून ते तिथंच विरलं.

“बाबा, तुम्ही नाही हो रंगवलंत काही. तुमच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून मी त्या अक्षरांचा फॉन्ट केला. इंटरनेटवर ठेवलाय, कुणीही वापरावा. वाढदिवसाला सांगणार होते तुम्हाला.”

काका खुर्चीत बसले.

“अगं, अंगठा मोडला होता म्हणून माझा र लंगडतो. माझं व्यंग वाटलंस तू लोकांना?”

“लोकांना तोच र सगळ्यात जास्त आवडतो.”

“आणि ते गेलेले आजोबा? त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल?”

“चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं,” एवढंच ती म्हणाली.

काका खुर्ची तिच्या घरच्या कॉम्प्युटरपुढे ओढत म्हणाले, “दाखव.”

पडद्यावर सगळी अक्षरं ओळीनं उभी होती. काका बोटानं एकेक वाचत गेले आणि ञ पाशी अडले. “हा कुणाचा?”

“माझा. तुमच्या एकाही पाटीवर ञ सापडला नाही.”

“दुकानदाराला कशाला लागतोय ञ! पण हा फार शहाण्यासारखा उभा आहे. माझा नाही वाटत.”

त्यांनी पेन्सिल मागितली. कापऱ्या हातानं सहा ञ बिघडवले. सातवा जमला.

“हा घे. आणि निधनाच्या बातमीसाठी वेगळी अक्षरं करू. सरळ, शांत. उद्यापासून बस माझ्यासोबत.”

ती अक्षरं पुढे झालीही. पण त्यानंतर कितीतरी महिने, रस्त्यात अचानक एखादी पाटी समोर आली, की काकांच्या छातीत धस्स व्हायचं.