कानातले खडे आणि मागची सीट

"डोळे मिटायचे नाहीत, आजी. काहीही झालं तरी उघडेच ठेवायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझं डोकं उजवीकडे वळवलं आणि मला झटकन उताणं पाडलं. डोकं पलंगाच्या काठाबाहेर लोंबत होतं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं कानाचं चित्र, सगळं गरगर फिरायला लागलं. मी त्यांच्या कोटाची बाही घट्ट पकडली आणि "अगे माय वो!" म्हणून अशी ओरडले, की बाहेर बसलेला माझा मुलगा प्रशांत दार ढकलून आत आला.

डॉक्टर मात्र माझ्या डोळ्यांत बघून हसत होत्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "लकवा नाही, गाठ नाही. मेंदू ठणठणीत आहे तुमचा. कानातले खडे जागेवरून सरकलेत."

असं ऐकून कोणाला पेढे वाटावेसे वाटतील का? मला वाटले. उताणी पडल्या पडल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना वाटले.

आजाराचं नाव बीपीपीव्ही. पूर्ण नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्सिस्मल म्हणजे अचानक झटका येणारा, पोझिशनल म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की होणारा, आणि व्हर्टिगो म्हणजे आपली साधी गरगर. कानाच्या आतल्या भागात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. ते जागा सोडून तिथल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये घुसले, की मान वळवताच घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत. डोळेही थरथरतात. त्याला निस्टॅगमस म्हणतात, आणि डॉक्टर तेच बघत होत्या.

गंमत बघा, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. याच नळ्या खडूनं फळ्यावर काढल्या. "या आपला तोल सांभाळतात," हे वाक्य किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! आणि माझ्याच कानात घोटाळा झाला तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही.

आता सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुमच्यावर कधी ही वेळ आली तर तुम्ही माझ्याइतक्या घाबरणार नाही.

आम्ही पवनारचे. धाम नदीच्या काठाजवळ आमचं थोडं वावर आहे, त्यात आमचे हे भाजीपाला लावतात. वांगी, पालक, मेथी, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. घरात आम्ही दोघं, प्रशांत, सून स्वाती आणि नात ईशू. आणि एक माझी स्कूटी. ती मी घरातलंच माणूस धरते. निवृत्त व्हायच्या जरा आधी, सगळा गाव हसत असताना, मी ती शिकले. ह्यांना गाडी येत नाही. एकदा चालवून बघितली, ती थेट शेणखताच्या ढिगात घातली. अंग झटकत उठले आणि म्हणाले, "तुले येते ना? मंग मले कायले पायजे?" तेव्हापासून मी पुढे आणि हे भाजीची थैली मांडीवर घेऊन मागे. पारावरचे लोक टोमणे मारायचे. ह्यांनी कधी मान वळवून बघितलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी कुशीवर वळले आणि खोलीच फिरली. मी गादीची कड धरून बसले. थोड्या वेळात थांबलं. वाटलं, पित्त असेल. पण मग वर बघितलं की गरगर, खाली वाकलं की गरगर. वाळत घातलेले कपडे काढताना तोल गेला म्हणून दोरी पकडली, तर दोरी, कपडे आणि मी, तिघंही अंगणात. ईशू टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, अजून एकदा!"

गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि म्हणाले, "सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस. मानेचे मणके झिजलेत. ह्या वयात झिजतातच." गळ्यात पट्टा आला. त्या पट्ट्यानं मान वळेना, म्हणून गरगर जरा कमी झाली आणि आम्हाला वाटलं, लागू पडलं. पट्टा बांधून जेवताना मला ताटच दिसत नव्हतं. वरण वाढलंय की कढी, ते चवीवरून ओळखायचं.

खरा घोटाळा देवळात झाला. शुक्रवारी देवीपुढे पट्टा काढून नमस्काराला वाकले आणि सगळं देऊळ फिरायला लागलं. मी दोन्ही हातांनी डोकं धरून डोलते आहे, तोंडातून आवाज निघतो आहे, केस सुटले आहेत. शेजारची शांताबाई किंचाळली, "मॅडमच्या अंगात आलं वो!"

काय बाप्पा! मी, जी पोरांना अंगात येणं वगैरे काही नसतं म्हणून शिकवत आले, तिच्याच कपाळावर कोणीतरी मूठभर कुंकू थापलं. शांताबाई पाया पडून विचारते, "माये, माह्या पोराचं लगन कवा जुळन?" मला टेकायला आधार हवा होता. मी कशीबशी म्हणाले, "भिंत! भिंत कुठं आहे, भिंत?" झालं. देवीला देवळाभोवती भिंत हवी आहे, असा निकाल लागला आणि बायका हात जोडून उभ्या राहिल्या.

घरी हे कळल्यावर स्वाती हसून हसून खाली बसली. प्रशांत हसला नाही. त्यानं खुंटीवरची स्कूटीची किल्ली काढून खिशात टाकली. "आई, आता गाडी बंद. रस्त्यावर असं झालं असतं तं?"

मी चिडले, खूप बोलले. पण तो बरोबर बोलत होता, हे मलाही कळत होतं. म्हणून तर जास्त राग आला.

वर्ध्याच्या दवाखान्यात मग तपासण्यांची रांग लागली. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. शुगर. एमआरआय, म्हणजे बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवून मेंदूचे फोटो. आत ठोकठोक आवाज येतो, भांड्याच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतं. बाहेर बाकावर आमचे हे बसलेले असायचे, टोपी मांडीवर, संत्री सोलत. एक फोड मला, एक शेजारच्या अनोळखी पेशंटला. माझ्या गाडीवाचून ते बाजाराला थैली खांद्यावर टाकून बसस्टँडपर्यंत चालत जायला लागले होते. प्रशांत बाईकवर सोडतो म्हणायचा. "राहू दे, मी जातो," एवढंच बोलायचे.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. तुम्हाला वाटेल, घर आनंदलं असेल. उलट झालं. नॉर्मल म्हणजे सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं, असा हिशेब. स्वाती माझ्या हातातली झारी काढून घ्यायला लागली. ईशूला आजीच्या अंगावर उडी मारायची बंदी झाली. मी न्हाणीघरात गेले की कोणी ना कोणी दाराबाहेर खाकरायचं. आजाराचं दुखत नव्हतं, याचं दुखत होतं. एके दुपारी मी खूप रडले, आणि रडताना मान खाली गेली म्हणून पुन्हा चक्कर आली. धड रडतासुद्धा येईना.

शेवटी दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

उपचार ऐका. गोळी नाही, सुई नाही. रिपोझिशनिंग मॅन्यूव्हर, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे मूळ जागी नेऊन घालायचे. डोकं उजवीकडे, थांबा. डावीकडे, थांबा. आता कुशीवर, नाक जमिनीकडे. आता हळूच उठा. मग त्यांनी मला पुन्हा पाडून बघितलं. पंखा जागेवर! मी म्हणाले, "डॉक्टर, अजून एकदा पाडा." त्यांनी पाडलं. पंखा जागेवरच. प्रशांतचे डोळे भरून आले आणि तो मोबाईल बघायला लागला.

पण हे घरी कोणाचं बघून करू नका. कोणत्या कानात बिघाड आहे ते डॉक्टरांनाच कळतं. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं होत असेल, हात किंवा पाय लुळा पडत असेल, तर खड्यांचा विचारही करू नका, तडक दवाखाना गाठा. मॅडम आहे मी, एवढं तर सांगणारच.

पुढचे काही दिवस कापसावर चालल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं. फेरतपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "छान. गाडी चालवता? चालवा. फक्त हे कधीतरी परत होऊ शकतं. जरा जरी गरगरलं तरी गाडी बाजूला घेऊन थांबायचं."

घरी आल्यावर प्रशांतनं किल्ली माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं होतं, मी झडप घालीन. माझा हातच पुढे जाईना.

आता खरं सांगते. मला भीती वाटली. एकटी असते तर पडले असते आणि उठले असते. पण मागे हे असतात. माझं डोकं फिरलं आणि ह्यांना काही झालं, तर? म्हातारपण म्हणजे केस पिकणं, गुडघे वाजणं, असं मी समजत होते. स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेनासा होणं, हे नवीन होतं. मी प्रशांतला म्हणाले, "विकून टाक गाडी."

त्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको पुलगावला शिक्षिका आहे, तिला जुनी स्कूटी हवीच होती. रविवारी बघायला येते म्हणाली. मी सकाळीच गाडी पुसली, आरसा चमकवला, सीटवरचा मेथीचा पाला वेचून काढला. ती बाई आली, चहा झाला, आणि आम्ही सगळे अंगणात आलो.

तर हे मागच्या सीटवर बसलेले. धुतलेली टोपी, मांडीवर वांग्यांची थैली.

"बाबा, उतरा ना. त्याहिले गाडी पाहू द्या," प्रशांत म्हणाला.

"पाहू दे की. मी कुठी आडवा येऊन राह्यलो? इकाची असन तं इका. पन मी उतरत नाई."

"अवो, असं काय करता?" मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

"बाबा, आईले मधातच चक्कर आली तं? दोघंबी पडसान!"

हे एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत. त्यांनी थैली नीट सावरली आणि म्हणाले, "पडू. दोघं पडू. तिले एकटीले पडू देऊ काय?"

मग पुलगावच्या बाई म्हणाल्या, "काका, बसा तुम्ही. मी दुसरी गाडी पाहते." स्वातीनं त्यांना वांगी दिली, पुन्हा चहा दिला, आणि प्रशांत आत जाऊन किल्ली घेऊन आला. सोबत दोन हेल्मेटही. शहाणा आहे माझा पोरगा, त्यानं ती कधीच आणून ठेवली होती.

मीही शहाणी झाले. वर्ध्याचा हायवे सोडला, तिथं आता आम्ही दोघं बसनं जातो. गाडी फक्त घर ते वावर आणि घर ते बसस्टँड. सकाळी डोळे उघडले की आधी काठावर बसायचं, मग उठायचं. देवळात उभ्यानंच नमस्कार. देवळाची भिंत मात्र खरंच बांधून होते आहे, आणि शांताबाईच्या पोराचं जुळलं आहे. तिला कितीही सांगा, ती श्रेय मलाच देते. डॉक्टरीणबाईंना मी वांगी नेऊन दिली, तर त्यांच्या टेबलावर आधीच दोन आज्यांच्या पालेभाज्या होत्या.

त्या रविवारी आम्ही वावराच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मी फारच हळू चालवत होते. एक बकरी आमच्या पुढे निघून गेली. हे एरवी मागचा कॅरियर धरून बसतात, लोक बघतात म्हणून. त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात आला. मी आरशात बघितलं. टोपीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये घाम.

"अवो," मी विचारलं, "माह्या मागं बसाले भेव नाई लागत काय तुमाले?"

"लागते ना," हे म्हणाले. "पयल्या दिवसापासून लागते."

मी हॉर्न वाजवला. पुढे रस्त्यावर कोणीही नव्हतं.