शेगडीला धूर नव्हता

चारूला मुलगा झाला आणि ‘ताई, बारशाला तू आलीच पाहिजेस’ असा तिचा फोन आला, तेव्हा पाळण्याच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलं. जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्यांची काय दैना होते ते मला ठाऊक आहे. पण चारू माझी मावसबहीण, झाशीतच वाढलेली, आणि बाळंतपणालाही मावशीकडेच आलेली. मी पुण्याहून तिकीट काढलं. बॅगेत स्वेटर, कानटोपी, औषधांचा डबा आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर भरलं. कोरोनापासून ते माझ्याबरोबर गावोगाव फिरतं. नवरा म्हणतो, तू देवापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतेस.

गाडी भोपाळपर्यंत शहाण्यासारखी आली, पुढे धुक्यात रेंगाळली. तुम्ही या दिवसांत निघालात तर खायला भरपूर ठेवा आणि पोहोचण्याच्या दिवशी काही ठरवू नका. स्टेशनबाहेर ई-रिक्षा लगेच मिळते. मावशीचं घर सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला आहे. काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्यांच्या वडिलांनी तर कोळशाची इंजिनं चालवली. त्यामुळे कोळसा कसा पेटवावा हे या घराला कुणी शिकवायला जाऊ नये.

बाळंतिणीची खोली मावशीने अगदी जुन्या रीतीने सजवली होती. बाजेवर चारू, कुशीत बाळ, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. काका शेगडी अंगणात पेटवायचे, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायचे आणि निखारे लालबुंद झाले की मगच आत आणायचे. मला मनापासून कौतुक वाटलं. पुण्यात आम्ही हे सगळं केव्हाच सोडून दिलंय.

पहिल्या संध्याकाळी तिथे बसल्या बसल्या माझं डोकं चढलं. प्रवासाचा शीण म्हणून मी बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले. सकाळी चहा घेऊन चारूजवळ बसले तर पुन्हा तेच. तिचंही डोकं जड होतं, सकाळी एकदा उलटी झाली होती. मावशी म्हणाली, जागरण झालंय, त्यात डिंकाचे लाडू पचत नसतील. बाळ मात्र फार गुणी, रडतच नाही म्हणे. मी चारूच्या बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णव. माझं बघितलं, तेही तेवढंच. मी सुटकेचा श्वास टाकला आणि किल्ला बघायला निघाले.

किल्ल्याला सकाळीच जा, ऊन पडल्यावर. तिकीट किरकोळ आहे, चढ सोपा आहे. वर वारा भणाणतो आणि सगळं शहर पायाशी दिसतं. मी तटावर बराच वेळ रेंगाळले. खाली उतरून गरम जिलबी आणि दही खाल्लं. खाता खाता लक्षात आलं की डोकं दुखायचं केव्हाच थांबलंय.

दुपारी परतले, चारूला जिलबी द्यायला आत गेले. जरा वेळ बसले आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना तीच कळ सुरू झाली. मी घाबरले. घरात इतर कुठेच दुखत नाही, इथेच का? चारूचे गाल गुलाबी झाले होते. मावशी आदल्या दिवशी कौतुकाने म्हणाली होती, बाळंतपणात पोरीचा रंग उजळला. मी हाक मारली तर चारूने डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. बाळाच्या तळपायाला टिचकी मारली, ते हललं फक्त.

यंत्र अजूनही अठ्ठ्याण्णवच म्हणत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. मी फटीतल्या चिंध्या ओढून खिडकी सताड उघडली.

“अगं मीनू, क्या कर रही हो? बाळंतिणीला वारा लागेल, जन्माचं दुखणं मागे लागेल,” म्हणत मावशी धावत आली.

“मावशी, तू नंतर मला हवं ते बोल. आधी हिला बाहेर काढू.”

पाहुणी येऊन घरात मोडता घालतेय हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी चुकत असेन तर हिच्या दाराशी पुन्हा कोणत्या तोंडाने येणार, हेही मनात आलं. तरी बाळाला उचलून मी अंगणात, उन्हात गेले. काकांनी चारूला आधार देत आणलं, तिचे पाय लटपटत होते. शेजारच्या भैयांनी गाडी काढली.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं. “निखारों की गैस है,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी समजावलं की रक्तात ऑक्सिजनची जी जागा, ती हा वायू बळकावतो आणि सोडत नाही. रक्त लालच राहतं आणि बोटाचं यंत्र रंगच बघतं, म्हणून ते फसलं. शरीर आतून गुदमरतं, पण दम लागत नाही, नुसती झोप येते. त्याला रंग नाही, वासही नाही. चारू सावरेल असं त्या लगेच म्हणाल्या. बाळाबद्दल काही बोलल्या नाहीत. तो सगळा वेळ आम्ही बाकावर बसून त्या दाराकडे बघत होतो.

 काका हळूच म्हणाले, “धूर नव्हता गं. धूर सगळा बाहेर घालवूनच मी आत आणत होतो.”

 मी त्यांचा हात धरून बसले.

दार उघडण्याआधी आतून रडणं ऐकू आलं. चिरकं, रागावलेलं. मावशीने पदर तोंडाला लावला.

बारसं थोडं लांबलं. झालं ते अंगणात, दुपारच्या उन्हात, सगळ्यांनी स्वेटर घालून. तुमच्यासाठी एवढंच सांगते: थंडीत कुठल्याही हॉटेलात, पाहुण्यांकडे खोलीत निखारे ठेवले तर संकोच न करता बाहेर ठेवायला सांगा. वाईटपणा आला तर येऊ दे.

पुण्याला येऊन आता बरेच दिवस झाले. बंद खोली दिसली की अजून मी आधी दार उघडते, आणि यंत्र कपाटात पडून आहे. परवा मावशीचा फोन आला. मागे बाळ घर डोक्यावर घेत होतं. मी विचारलं, भूक लागलीय का त्याला?

“पोट भरलंय त्याचं,” मावशी म्हणाली. “रडू दे बेटा. खिडकी उघडी आहे, गल्लीभर ऐकू जाऊ दे.”