आप्पांच्या हाताखालची इंग्रजी

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर कार्मेन भाजीच्या गाडीशी उभी होती आणि भाजीवाल्या मावशींना अदबीनं सांगत होती, "काइंडली डू द नीडफुल." मावशींनी बिचकून तिला न मागता मूठभर कोथिंबीर दिली.

कार्मेन स्पेनची. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. रोजच्या वापरातली इंग्रजी यावी म्हणून ती आमच्या आप्पांना संध्याकाळी पाचला वर गप्पांना बोलावते. आप्पा पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची इंग्रजी सगळी पत्रव्यवहारातली. रोज ते तिला पाच नवे शब्द वहीत लिहून देतात, आणि त्यातला एकही स्वयंपाकघरात चालत नाही.

"आप्पा, तिला जरा साधं बोलायला शिकवा की," मी एकदा म्हटलं.

"साध्या बोलण्याला घरात विचारतं कोण?" आप्पा म्हणाले.

कपाटातल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास लागतो, तसा भाषेला शिकवणाऱ्याचा लागत असावा. कार्मेन उद्या मायदेशी गेली, तरी तिच्या इंग्रजीला आमच्या तालुक्याच्या फायलींचा वास येत राहील.

परवा गुडघा दुखतो म्हणून आप्पा वर गेले नाहीत. काल सकाळी दाराखालून चिठ्ठी आली: "युवर ॲबसन्स इज रिग्रेटेड. काइंडली रिपोर्ट ॲट फाइव्ह." खाली सही.

निवृत्तीनंतर आप्पांना कुणी हजर व्हायला सांगितलं नव्हतं. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मग इस्त्रीचा शर्ट घातला, आणि गुडघ्याचं नावही न काढता पावणेपाचलाच जिना चढायला लागले.