राजवाड्याकडची माणसं

ज्या लग्नात मी, माझी बायको आणि माझे सासू-सासरे पोटभर जेवलो, ते लग्न कोणाचे होते हे मला आजतागायत कळलेले नाही. (जिलेबी मात्र उत्तम होती.)

खरे तर आम्ही राजवाडे बघायला निघालो होतो. त्या वेळी मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरीला होतो आणि रोह्याला राहत होतो. सासुरवाडी पेणची. सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, गणपतीचा कारखाना. पेणमध्ये कारखाना म्हटले की धूर नाही, भोंगा नाही. असतात ते ओळीने वाळत ठेवलेले गणपती. (लग्न ठरताना मध्यस्थाने ‘मुलीच्या वडलांचा कारखाना आहे’ एवढेच सांगितले होते. आमच्या वडलांनी लगेच विचारले होते, ‘किती शिफ्टमध्ये चालतो?’)

तात्या हातात कुंचला घेऊन जन्मले असावेत, आणि कपाळावर आठी घेऊनही. दुसऱ्याचे काम त्यांना आवडले असे कोणी कधी ऐकले नव्हते. शेजारच्या आळीतला गणपती बघून म्हणायचे, “सोंड हाय का नळाची तोटी?” अशा माणसाकडे मुंबईच्या एका मंडळाची ऑर्डर आली. दरबारातला गणपती! सिंहासन, खांब, चवऱ्या, सगळा राजेशाही थाट. कोणीही आनंदाने नाचला असता. तात्या मात्र तोंड पाडून बसले.

“घेत नाय मी ही ऑर्डर,” ते म्हणाले.

“का?” मी विचारले.

“सिंहासन कवा बघितलंय मी? न बघितलेली वस्तू मी बनवत नाय.”

“पण तात्या, गणपती तरी तुम्ही कुठे बघितलाय?”

तात्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी पाण्याचा तांब्या शोधू लागलो. “मी नसंल बघितला,” ते म्हणाले. “तो बघतो माझ्याकडं. रोज.”

बायकोने, सुनंदाने, मला आत बोलावून खरी गोष्ट सांगितली. तात्यांचा हात आता थकला, असे आळीत बोलायला सुरुवात झाली होती. ऑर्डर परत गेली असती तर ते बोलणे खरे ठरले असते, आणि तात्यांनी मग कुंचला कायमचा खाली ठेवला असता. सोमवारी मंडळाची माणसे उत्तर न्यायला येणार होती. सांगताना तिचा आवाज भरून आला. बायकोचा आवाज भरून आला की माझी जीभ सैल सुटते, हा माझा जुना आजार आहे.

मी बाहेर येऊन म्हणालो, “त्यात काय तात्या! एका दिवसात सगळे राजवाडे दाखवतो. खास गाडी करू. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आणि रोह्यावरून परत!”

“तुमी बघितलेत?”

“अनेकदा!” (मी अलिबागला एकदाच गेलो होतो, कंपनीच्या सहलीत. बस लागते म्हणून जाता-येता डोळे मिटून होतो.)

रविवारी सकाळी बबन जीप घेऊन आला. हा बबन वर्षानुवर्षे पेणहून गणपती पोचवायचे काम करी. त्यामुळे त्याला एकच चाल ठाऊक होती: गणपतीची. खड्डा लांबून दिसला की गाडी थांबवायची, खाली उतरून खड्डा बघायचा, मग अलगद पलीकडे न्यायची. वडखळपर्यंत आम्हाला दोन सायकलींनी मागे टाकले. मी म्हणालो, “बबन, जरा दाब की!” तो म्हणाला, “नको सायेब. सोंडेला तडा जातो.”

अलिबागला पोचलो तर समुद्रातला किल्ला समोर आणि मध्ये पाणीच पाणी. मी छाती पुढे काढून सांगितले, “आता इथून चालत जायचं!”

सासूबाई, म्हणजे माई, पेणच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. त्यांनी पाण्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि पदर खोचत विचारले, “जावयबापू, आज पुनव. दुपारपातूर भरती चढतच जानार. चालत जायचं का पवत?”

“लांबूनच जास्त भव्य दिसतो,” मी म्हणालो. आणि तो किल्ला खरोखरच भव्य दिसत होता. लाटा तटाला धडकत होत्या आणि तो तसाच उभा होता. माईंनी नकळत हात जोडले.

तिथून पुढे निघालो. आता राजवाडा दाखवणे भाग होते. बारा वाजायला आले आणि एका गावाच्या वळणावर मला ती पाटी दिसली. सोनेरी, हातभर उंचीची अक्षरे: ‘राजवाडा’. पुढचे काहीतरी केळीच्या पानांआड गेले होते. मी ओरडलो, “थांब! हाच तो!”

दारातल्या माणसाला मी खात्रीसाठी विचारले, “राजवाडा हाच ना?”

“ह्योच की! चला, चला, बिगीबिगी. वेळ झाला.”

“बंद व्हायची वेळ झाली,” मी तात्यांना समजावले. “नशीबवान आहोत!”

आत शिरतो तोच एकीने अंगावर गुलाबपाणी उडवले, दुसरीने मनगटाला अत्तर लावले. “दरबारी रीत,” मी म्हणालो. एकाने तात्यांना फेटा बांधला. “मानाच्या पाहुण्यांना बांधतात,” मी म्हणालो. मग कोणीतरी माझ्या मुठीत काहीतरी कोंबले. मूठ उघडून बघितली तर अक्षता!

केळीच्या पानांआड काय होते ते मला त्या क्षणी समजले. मंगल कार्यालय. नाव राजवाडा. मी मागे वळलो, तर तात्या जागच्या जागी उभे. समोर व्यासपीठावर लाल मखमलीचे, सोनेरी, भलेमोठे सिंहासन होते. दोन्ही हातांच्या जागी दोन सिंह. तात्यांचे डोळे असे चमकले होते की मी त्यांना तसे कधीच बघितले नव्हते. फेट्याखाली कपाळावरची आठी नाहीशी झाली होती!

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी खरे कोण बोलेल?

“बाहेर चला,” सुनंदा माझ्या कानात म्हणाली. “लग्न आहे हे!”

“असू दे,” मी मोठ्याने म्हणालो. “तात्या, आज राजवाड्यात कोणाचं तरी लग्न आहे. मोठ्या लोकांची लग्नं इथेच होतात. सिंहासन तीनशे वर्षांचं आहे. परदेशी कारागीर आणले होते. सिंहांच्या चेहऱ्यावरचा तो उग्र भाव बघा!”

सुनंदाने मला चिमटा काढला. त्याचा वण पुढे बरेच दिवस होता. तोवर तात्या पायऱ्या चढून वर गेले आणि विती घालून सिंहासन मोजू लागले! खाली नवरानवरी बोहल्यावर उभी, मंगलाष्टके चालू, आणि वर फेटेवाले सासरे सिंहाच्या पोटाला वीत लावून पुटपुटत आहेत. लोक अक्षता टाकायच्या सोडून त्यांच्याकडे बघायला लागले.

धोतर सावरत एक गृहस्थ माझ्याकडे आले. बहुधा मुलीचे काका. “पाव्हणं, तुमी मुलाकडचे का मुलीकडचे?”

माझी जीभ पुन्हा सैल सुटली. “आम्ही ना… राजवाड्याकडचे!”

“असं व्हय!” काकांनी माझा दंड धरला. “मग कवापासून हुडकतोय तुमाला! पंखा बंद हाय, नवरदेव भिजलाय घामानं. कोन बघनार? ती शिडी घ्या!”

पाचव्या मिनिटाला मी शिडीवर होतो. मला पंख्यातले काहीही कळत नाही. मी पात्याला हात लावला, दुसऱ्याला लावला, आणि गंभीर चेहऱ्याने तिसऱ्याला लावला. खालून काका विचारत होते, “काय बिघडलंय?” मी म्हणालो, “जुना आहे. तीनशे वर्षांचा.” (सवय!)

आणि त्याच उंचीवरून मी पुढचा प्रसंग बघितला. मंगलाष्टके संपली होती. तात्यांनी सिंहाच्या मानेवरून हात फिरवला आणि भरल्या आवाजात ते माईंना म्हणाले, “काय काम हाय गो! ही आयाळ बघ. असा हात पुन्यांदा होने नाय. ज्यानं केलंय ना, तो आज समोर आला तर मी त्याचे पाय धरीन!”

मी शिडीवरून पडता पडता राहिलो. तात्या! दुसऱ्याच्या कामाला चांगले म्हणाले!

माई मात्र सिंहाच्या तोंडाजवळ वाकून बघत होत्या. “अवो,” त्या म्हणाल्या, “ह्यो तर आपला सिंव्ह!”

“गप गो. कायतरी बोलतीस.”

“आपलाच! त्या देवीवाल्यांनी परत केला नव्हता का? बघा की नीट, हसतोय!”

तात्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. मी वरून डोळे ताणले. सिंह खरोखरच हसत होता! प्रकार असा होता की फार वर्षांपूर्वी एका नवरात्र मंडळासाठी तात्यांनी सिंहांची जोडी केली होती. मंडळाने ती परत केली, कारण सिंह हसतोय आणि असल्या सिंहाला महिषासुर घाबरणार कसा? तात्या रुसले, अन्नपाणी सोडून बसले. माईंनी ती जोडी गुपचूप एका मंडपवाल्याला देऊन टाकली. त्याने सोनेरी रंग फासून मधे खुर्ची बसवली आणि केले सिंहासन.

माई हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. “बोलला तुमी, पाय धरीन म्हनून. धरा आता सोताचे. लय वाकू नका, कंबर धरंल.”

आसपासच्या बायका फिस्सकन हसल्या. तेवढ्यात दचकून माझा हात कशाला तरी लागला आणि पंखा गरगर फिरायला लागला. काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडायचे नाही असे जाहीर केले. पहिल्या पंगतीत बसवून त्यांनी स्वतः जिलेबी वाढली. जाताना मला म्हणाले, “राजवाड्याची मानसं लय चांगली हायत.”

जीपमध्ये बसल्यावर बबनने पुन्हा खड्डे सांभाळले. तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि ते बाहेर बघत होते. मला वाटले, संपले सगळे. सिंहासन बघायला म्हणून आणले आणि त्यांचे स्वतःचे परत आलेले काम दाखवले. सोमवारी ते नाही म्हणणार, आणि त्याला कारण मी.

दुपार कलताना मुरूड जवळ आले आणि वळणावर एकदम तो दिसला. खरा राजवाडा! समुद्राकाठच्या टेकडीवर, झाडांतून वर आलेले घुमट, कमानी, खाली पसरलेले पाणी. बबनने न सांगता गाडी थांबवली. (समोर खड्डाही नव्हता.) माझ्या अंगावर काटा आला होता. सुनंदाने माझा हात घट्ट धरला, ज्या जागी चिमटा काढला होता नेमका तिथेच.

फाटकाशी गेलो. राखणदार नम्रपणे म्हणाला, “खासगी हाय, काका. आत सोडत नाय.”

मी तात्यांकडे बघायचे धाडस केले नाही. इतका लांबचा प्रवास करून बंद फाटक! पण तात्यांचा आवाज आला तो शांत होता. “नाय तर नाय. आत बसनारा कुठं बघत असंल, तेवढं मला बघू दे.”

आणि त्यांनी राजवाड्याकडे चक्क पाठ केली. फाटकापुढे ताठ उभे राहून ते समोर बघू लागले. आम्हीही वळलो. समोर सगळा समुद्र होता. होड्या परतत होत्या, पाण्यावर उन्हाचा चुरा पसरला होता, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, जिथे काहीच नाही, तिथे तात्यांची नजर लागली होती. त्या म्हाताऱ्या, बुटक्या माणसाकडे बघताना मला खरोखर वाटले की राजा असाच उभा राहत असेल.

“आजवर मी देवाचे डोळे समोरच्या मानसाकडं बघनारे आखले,” ते म्हणाले. “राजाची नजर लांब जाते गो. मानसाच्या डोक्यावरून. सिंहासन गेलं उडत. डोळे मिळाले.”

“म्हंजी घेनार ना ऑर्डर?” माईंनी विचारले.

“घेनार. आनि सिंव्ह हसतेच करनार. राजा धड असला म्हंजी सिंव्हाला भुंकायचं कारन काय?”

“सिंव्ह भुंकत नाय, गुरगुरतो,” माई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

गणपतीत आम्ही सगळे मुंबईला तो दरबार बघायला गेलो. मी उभा राहिलो आणि तसाच राहिलो. दोन्ही बाजूंना हसरे सिंह, मध्ये महाराज, आणि ती नजर! आपल्या डोक्यावरून दूर कुठेतरी गेलेली. मुरूडचा सगळा समुद्र त्या डोळ्यांत होता. गर्दीसुद्धा आवाज न करता पुढे सरकत होती. मी हात जोडले, माझे डोळे भरून आले, आणि शेजारी सुनंदा तोंडात पदर कोंबून हसत होती!

“अहो, खाली बघा. पायाशी.”

पायाशी उंदीर होता. एका हातात मोदक. दुसऱ्या हाताचे बोट वर, तोंड उघडे, छाती पुढे काढून तो समोरच्या लोकांना काहीतरी समजावून सांगत होता. नाकाखाली माझी मिशी होती. भांगसुद्धा माझ्यासारखा डावीकडे! मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला, “सगळ्यांना हा उंदीर फार आवडतो. वाटतं, आत्ता माहिती सांगायला लागेल.”

मी तात्यांकडे वळलो. “तात्या, तुम्ही तर न बघितलेली वस्तू बनवत नाही ना?”

“नाय,” तात्या म्हणाले. “म्हनून तर त्या दिवशी सकाळपासून तुमच्याकडंच बघत व्हतो, जावयबापू.”