मालक कोण?

कतारमध्ये राहायचं तर प्रत्येक माणसाला एक कफील लागतो. तुमच्या इथल्या राहण्याची हमी घेतो तो कफील. कामगाराचा कफील त्याची कंपनी आणि कामगाराच्या बायकोचा कफील तिचा नवरा. माझ्या कागदपत्रांवर माझ्या नावाखाली ह्यांचं नाव असायचं आणि ह्यांना त्याची भारी गंमत वाटायची. चहाला उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, "कफीलशी असं वागतात होय? उद्या व्हिसा रद्द करीन." मी म्हणायची, "करा की रद्द. मग बघू डबा कोण देतंय ते."

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी हे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चाळीशीही पुरती सरली नव्हती. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. मी त्यांना दहादा विचारलं की आमटीत काही कमी-जास्त झालं असेल का, आणि त्यांनी दहाही वेळा शांतपणे नाही म्हणून सांगितलं. असल्या वेळी माणूस काहीही विचारतं.

गावी नेऊन सगळं उरकलं. मला वाटलं आता आपण इथंच, सासूबाईंजवळ. पण मुलगी दहावीला होती. तिचा परीक्षेचा नंबर दोह्यातल्या केंद्रावर लागलेला. फेब्रुवारीत तिथं बसली नाही तर वर्ष वाया. आणि पोरीची दहावी हा तर ह्यांचा ध्यास होता. गणिताचा पेपर स्वतः द्यायचा असल्यासारखे वर्षभर बोलायचे. म्हणून आम्ही दोघी परत गेलो.

ह्यांच्यामागे आमच्या दोघींचं राहण्याचं ओळखपत्र संपलं होतं. कफीलच उरला नाही तर ते कशाच्या आधारावर चालणार? ह्यांचा धाकटा भाऊ उत्तरेला, मदिनत अश शमालमध्ये एका लहान वर्कशॉपवर सुपरवायझर आहे. त्या भाऊजींनी आपल्या हमीवर आमचा व्हिजिट व्हिसा काढला. मुदत तशी लांबची, पण अट अशी की मधेच देशाबाहेर पाऊल टाकून पुन्हा आत यायचं. आत येताना नवा शिक्का, आणि शिक्का असेल तोवरच राहणं. पहिल्या शिक्क्याची मुदत जानेवारीत संपत होती आणि परीक्षा फेब्रुवारीत. आमच्या वरच्या खोल्यांत राहणारी एक बाई मला जिन्यात गाठून सांगून गेली, की तिच्या ओळखीच्या कुणाला सरहद्दीवरून आत घेतलंच नाही, तिकडच्या तिकडे परत पाठवलं. अशा बायकांना देव नेमकं जिन्यातच का उभं करतो कोण जाणे.

सरहद्दीवर जायच्या दिवशी भाऊजी दुहैलला आले तेव्हा नुकतं उजाडत होतं. आम्ही दुहैलमध्ये एका मोठ्या बंगल्याचे भाग पाडून दिलेल्या दोन खोल्यांत राहायचो. मुलगी विज्ञानाच्या नोट्स घेऊन मागे बसली. मी पुढे. एरवी पुढे बसायची माझी जागा होती, पण ह्यांच्या शेजारी. दिराच्या शेजारी बसताना मी ओढणी सारखी केली आणि मग स्वतःचाच राग आला, की आता कशाला हे नखरे.

सलवा रोडला लागल्यावर दोन्ही बाजूंना नुसती सपाट वाळू. जानेवारीतला वारा गाडीला ढकलत होता. भाऊजींनी बऱ्याच वेळाने घसा खाकरला.

"वैनी, येताना आत खिडकीवर बाईच आसंल," ते म्हणाले. "ती इचारंल, कफील कोण. घाबरायचं न्हाई. कफील म्हंजी मालक. मालक कोण म्हणली, की माझं नाव सांगायचं."

बोलून गेले आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. कान लाल झाले त्यांचे. आमच्या गावाकडे बाईचा मालक म्हणजे तिचा नवरा. दुसरा अर्थच नाही. सासूबाई अजूनही सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवून "आमचं मालक" म्हणतात. मला हा शब्द कधी आवडला नाही. माणूस म्हणजे काय म्हैस आहे का मालक असायला, असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंना ऐकवलं होतं आणि ह्यांनी तोंडावर पेपर धरून हसू लपवलं होतं. आता तोच शब्द गाडीत आमच्या दोघांच्या मधे येऊन बसला होता.

"म्हंजी कागदावरचा," भाऊजी पुटपुटले. "कागदापुरता."

"कळलं हो भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी रेडिओ लावला. मल्याळी गाणं लागलं. त्यांनी तो बंद केला. मागून मुलगी म्हणाली, "काका, लीव्ह इट ऑन, प्लीज." त्यांनी पुन्हा लावला.

मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ह्यांना हे फार लागायचं. स्वतः एसीचे मेकॅनिक, दिवसभर तोंडात कंप्रेसर आणि व्हॉल्व, पण घरात पाय टाकला की मराठीचे मास्तर. रात्री जेवताना नियम होता, तिने एक अख्खं वाक्य मराठीत बोलायचं आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नको. जमलं तर ह्यांच्या हातचा भाजलेला पापड. "पप्पा, मी लायब्ररीचं पुस्तक रिटर्न केलं," ती म्हणायची. "रिटर्न नव्हे, परत," हे म्हणायचे. "आणि लायब्ररी?" ती डोळे फिरवून विचारायची. "लायब्ररी चालेल. ग्रंथालय म्हणताना आमच्या गुरुजींचीही जीभ वळायची नाही." असं करून शेवटी पापड द्यायचेच. शब्द सुधारल्याशिवाय मात्र कधी दिला नाही.

अबू समराला, कतारच्या सरहद्दीवरच्या चौकीवर, पोहोचलो. कतारमधून बाहेर पडायचा शिक्का पटकन मिळाला. बाहेर जाणाऱ्याला कोण अडवतो? सौदीच्या बाजूलाही काही त्रास झाला नाही. थोडं पुढे जाऊन एका पेट्रोल पंपाशी आम्ही कागदी कपातून करक चहा घेतला, दाट, वेलचीचा. दुसऱ्या देशात येऊन आम्ही केलं ते एवढंच. भाऊजी म्हणाले, "दादाला लई आवडायचा ह्यो चहा." मला ते माहीत होतं. मग गाडी वळवून आम्ही परत निघालो.

कतारच्या बाजूला आत घेताना आम्हा दोघींना उतरवलं आणि बायकांच्या खिडकीकडे पाठवलं. भाऊजी गाडीपाशी थांबले. खिडकीआड काळ्या वेशातली एक तरुण बाई होती. डोळे तेवढे दिसत होते. तिने आमचे पासपोर्ट घेतले, चाळले आणि मान वर न करता विचारलं,

"कफील?"

आणि मी नाव सांगितलं.

ह्यांचं.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी ते लग्नात उखाण्यात घेतलं, हसत, लाजत, मैत्रिणी दार अडवून उभ्या असताना. त्यानंतर घरी कधीच नाही. पण कतारला आले आणि दवाखान्यात, शाळेत, वीज-पाण्याच्या ऑफिसात, जिथं जावं तिथं खिडकीतून एकच प्रश्न यायचा, कफील? आणि मी ह्यांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट खणखणीत सांगायची. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, "म्हणजे माझं नाव ऐकायचं तर मी आता खिडकीत जाऊन बसू का?" लग्नानंतर मी नवऱ्याचं नाव फक्त सरकारी खिडकीवर घेतलं. त्या दिवशीही खिडकी होती, तोच प्रश्न होता, आणि जिभेने आपलं काम केलं. सगळ्या वाटेने पाठ केलेलं भाऊजींचं नाव कुठल्या कुठे गेलं.

"मम्मा!" मुलीने कोपर मारलं. "काका! से काका!"

तोवर त्या बाईने नाव टाइप केलं होतं. ती थांबली, पडद्याकडे बघत राहिली, मग तिने पडदा माझ्याकडे वळवला.

"ये कफील?"

पडद्यावर हे होते. इथं आले तेव्हाचा फोटो, मी यायच्याही आधीचा. जाड मिशा, तेल लावून चापून बसवलेले केस आणि सासूबाईंनी शिवून घेतलेला चौकडीचा शर्ट. इतके तरुण की मला क्षणभर त्यांची काळजी वाटली. मुलगी माझ्या खांद्याला चिकटून उभी होती. ती पडद्याकडे वाकली. तिने ह्यांना मिशांसकट कधी पाहिलंच नव्हतं.

"किधर?" बाईने विचारलं.

माझ्या पर्समध्ये मृत्यूचा दाखला होता, अरबीत आणि इंग्रजीत. हिंदी मला येतं. वो गुजर गये, एवढं म्हणायचं होतं. पण मागे रांग होती, पडद्यावर हे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या समोर उभं राहून मला ते म्हणवेना. तोंडातून एकच शब्द आला.

"खलास."

इथं हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. ड्यूटी सुटली, खलास. दुकानातली कोथिंबीर संपली, खलास. टॅक्सीवाल्याला थांबवायचं, खलास. आणि आपल्याकडे नाक्यावरची टारगट पोरं हाच शब्द मेलेल्या माणसासाठी वापरतात. मी तो कुठल्या भाषेत उच्चारला ते मलाच कळलं नाही.

तिने मात्र तो इथल्यासारखाच ऐकला. कपाळावर आठी आली. "खलास? कॅन्सल?" असं विचारून तिने माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहिलं.

मुलगी म्हणाली, "येस. कॅन्सल."

वर्गात बाईंच्या प्रश्नाला देतात तसं स्वच्छ उत्तर. पुढे म्हणाली, "न्यू स्पॉन्सर इज माय अंकल," आणि भाऊजींचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बाईने पडदा परत आपल्याकडे वळवला. मी मान पुढे काढून बघायचा प्रयत्न केला, पण तिथून काही दिसत नव्हतं. बटणं दाबल्याचा आवाज आला. मग दोन शिक्के. एक माझ्या पासपोर्टवर, एक मुलीच्या.

"यल्ला, चलो," ती बाई म्हणाली. तिचे डोळे मुलीकडे बघून हसले. वाईट नव्हती ती. आम्ही काय सांगितलं ते तिला कळलंच नव्हतं.

भाऊजी गाडीला टेकून उभे होते. आम्हाला बघून सरळ झाले.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"मालक इचारला?"

"विचारला."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मुलगी मागच्या सीटवर बसली आणि मीही ह्या वेळी तिच्याच शेजारी मागे बसले. परीक्षेपर्यंतची सोय झाली होती. ज्यासाठी महिनाभर झोप उडाली होती ते काम झालं होतं, आणि मला आनंद तर सोडाच, साधं हायसंही वाटत नव्हतं. मला परत त्या खिडकीवर जायचं होतं. पडदा वळवा म्हणायचं होतं. जिन्यातल्या त्या बाईला मी किती घाबरले होते! आत घेणार नाहीत, आत घेणार नाहीत. घेतलं की आत. फक्त ज्याच्या नावावर आम्ही एवढी वर्षं ह्या देशात राहिलो, त्याला आमच्याच तोंडाने खोडून घेतलं.

रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मुलीने नोट्स मांडीवर घेतल्या होत्या, पण पान उलटत नव्हती. तोंड खिडकीकडे होतं. मला वाटलं झोपली. मग ती माझ्याकडे न वळता, फार हळू आवाजात बोलली.

"मम्मा, मी पप्पांना कॅन्सल म्हटलं."

भाऊजींनी गाडीचा वेग कमी केला. आरशात बघितलं नाही त्यांनी.

तू बरोबर केलंस, तू नसतीस तर आपण तिथंच अडकलो असतो, हे सगळं मला म्हणायचं होतं आणि ते खरंही होतं. पण मला आधी दुसरंच ऐकू आलं. ती मराठीत बोलली होती. कुणी न सांगता, समोर ताट नसताना, अख्खं वाक्य. त्यात एकच शब्द इंग्रजी होता. हे असते तर त्यांनी तो सोडला नसता. "कॅन्सल नव्हे. रद्द म्हण, रद्द," असं म्हणून पापड पुढे केला असता.

मी तिचा हात धरला, आणि सवयीने, अगदी वेड्यासारखी, पुढच्या सीटवरून ती दुरुस्ती येण्याची वाट बघत बसले.